गाजर गवताची ॲलर्जी आणि पेशींना धरून ठेवणारे रेणू

त्वचेची ॲलर्जी दिसते त्वचेवर, पण ती घडवणाऱ्या बहुतेक पेशी रक्तातून आलेल्या असतात. रक्तवाहिनीतून वेगाने वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशीला नेमक्या ठिकाणी वेग कमी करावा लागतो, वाहिनीच्या अस्तराला घट्ट चिकटावे लागते, अस्तरातून आरपार जावे लागते आणि मग वर चढत बाह्यत्वचेपर्यंत पोचावे लागते. या प्रत्येक टप्प्यावर तिच्या पृष्ठभागावरची काही प्रथिने समोरच्या पेशीवरच्या ठरावीक जोडीदाराला धरतात. ही धरणारी प्रथिने म्हणजे पेशी-आसंजक रेणू. त्वचेतल्या पेशी एकमेकींना धरून सलग पडद्यासारख्या उभ्या राहतात त्याही याच प्रकारच्या रेणूंच्या जोरावर. त्यामुळे इसबाच्या प्रक्रियेत आसंजक रेणू दोनदा येतात: एकदा हल्लेखोर पेशींना आत आणणारे म्हणून आणि दुसऱ्यांदा त्या हल्ल्यात तुटणारे म्हणून.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत ओळखीचे उदाहरण गाजर गवताचे आहे. काँग्रेस गवत, चटकचांदणी अशा नावांनीही ते ओळखले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना ते १९५५ मध्ये पुण्यात दिसले आणि १९५६ मध्ये त्यांनी भारतातील नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतील गव्हाबरोबर हे गवत आले, असे सर्रास सांगितले जाते. मात्र भारताशी त्या योजनेखालचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, म्हणजे गवत दिसल्यानंतर. बी आधीच्या आयातीतून आले असणे शक्य आहे. लोकप्रिय कथा तारखांत बसत नाही, एवढे खरे. साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत पुणे परिसरात चेहरा, मान आणि हात सुजून येणाऱ्या रुग्णांची जणू साथच आली होती, आणि पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा संबंध या गवताशी जोडून दाखवला. गवतातील मुख्य दोषी पदार्थ पार्थेनिन हा सेस्क्विटर्पीन लॅक्टोन गटातला आहे. पाने, खोड आणि फुले यांवरच्या सूक्ष्म केसांत तो साठलेला असतो.

नाशिक रोडजवळच्या एकलहरे गावासारख्या ठिकाणी स्पर्शजन्य ॲलर्जीची नेहमीची कारणे एकाच शिवारात सापडतात. पावसाळ्यात बांधावर, रस्त्याच्या कडेला आणि पडीक जागेत गाजर गवत माजते. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, आणि कोळसा जाळून उरलेली राख विटा व सिमेंटच्या धंद्यात जाते. कोरडी राख त्वचेला चुरचुर आणते, पण ती बहुधा नुसती घासल्याची जळजळ असते. खरी ॲलर्जी होते ती ओल्या सिमेंटमधल्या विरघळणाऱ्या क्रोमेटची, तीही उघड्या हातांनी माल कालवणाऱ्या गवंड्याला. तिसरे कारण घरात असते: नकली दागिने, घड्याळाचा पट्टा, पँटीचे बटण यांतले निकेल. विदर्भात आणि कोकणात यात बिब्ब्याचीही भर पडते. बिब्बा उतला म्हणजे काय होते हे जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना कपड्यांवरच्या धोब्याच्या खुणेमुळे अंगावर चट्टे उठू लागले, तेव्हा त्या शाईतला बिब्बाच कारण ठरला. पदार्थ वेगवेगळे असले तरी त्वचेतला पुढचा मार्ग बराचसा सारखाच असतो.

या मार्गावरचे रेणू चार कुळांतले आहेत. पहिले सिलेक्टिनांचे. ते समोरच्या पेशीवरील साखरेच्या साखळ्यांना हलकेच पकडतात आणि लगेच सोडतात. एल-सिलेक्टिन पांढऱ्या पेशींवर असते, पी-सिलेक्टिन बिंबाणूंवर व रक्तवाहिनीच्या अस्तरावर, आणि ई-सिलेक्टिन फक्त अस्तरावर. दुसरे कूळ इंटेग्रिनांचे. अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचा हा रेणू एरवी दुमडलेला, निष्क्रिय असतो. पेशीला आतून इशारा मिळाला की तो ताठ उभा राहतो आणि मग त्याची पकड घट्ट बसते. टी-पेशी या पांढऱ्या पेशींवरचे एलएफए-१ आणि व्हीएलए-४ हे इंटेग्रिन इथे महत्त्वाचे. त्यांचे जोडीदार आयकॅम-१ आणि व्हीकॅम-१ हे तिसऱ्या, इम्युनोग्लोब्युलिनसदृश कुळातले. चौथे कूळ कॅडहेरिनांचे. ते कॅल्शियमच्या मदतीने शेजारच्या पेशीवरच्या स्वतःसारख्याच रेणूला धरते. कॅडहेरिनांचा शोध जपानच्या मासातोशी ताकेइची यांच्या कामातून लागला. इंटेग्रिनांच्या शोधासाठी रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ चा लास्कर पुरस्कार मिळाला. आयकॅम-१ ची ओळख १९८६ मध्ये स्प्रिंगर यांच्याच प्रयोगशाळेत पटली. ई-सिलेक्टिन आणि व्हीकॅम-१ त्यानंतरच्या तीन वर्षांत सापडले. विषय तसा अलीकडचाच.

ॲलर्जी दोन पायऱ्यांनी होते. पहिली ओळख होण्याची. पार्थेनिनचा रेणू लहान असतो आणि एकट्याने तो प्रतिकारसंस्थेच्या नजरेत भरत नाही. पण त्याच्या लॅक्टोन वलयाला जोडलेला मिथिलीन गट त्वचेतल्या प्रथिनांमधील गंधकयुक्त गटाला पक्का बांधला जातो. असे बदललेले प्रथिन परके ठरते. बाह्यत्वचेतल्या लँगरहान्स पेशी ते उचलतात. या पेशी एरवी ई-कॅडहेरिनच्या आधाराने शेजारच्या केराटिनोसाइट पेशींना धरून बसलेल्या असतात. पदार्थाच्या त्रासामुळे त्वचेत इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ हे निरोपे रेणू पाझरले की लँगरहान्स पेशींवरचे ई-कॅडहेरिन कमी होते, त्यांची पकड सुटते आणि त्या लसीकावाहिन्यांतून जवळच्या गाठीकडे निघतात. म्हणजे ॲलर्जीची सुरुवातच धरलेला हात सुटण्यातून होते.

गाठीत आजवर कोणताच परका पदार्थ न पाहिलेल्या टी-पेशी सतत येत-जात असतात. तिथल्या खास रक्तवाहिन्यांवर त्या एल-सिलेक्टिनच्या मदतीने थांबतात. योग्य टी-पेशी आणि लँगरहान्स पेशी समोरासमोर आल्या की एलएफए-१ आणि आयकॅम-१ यांच्या जोड्या त्यांना तासन्‌तास एकत्र धरून ठेवतात. ओळख पटण्याइतका वेळ त्यामुळे मिळतो. पुढे ती टी-पेशी विभाजित होते आणि तिच्या पिढीला पत्ता मिळतो. त्वचेकडून आलेल्या गाठीत तयार झालेल्या टी-पेशींवर सीएलए नावाची साखरेची खूण उमटते. आतड्याजवळच्या गाठीत तयार झालेल्यांवर त्याऐवजी अल्फा-४-बीटा-७ हे इंटेग्रिन येते. सीएलए ही ई-सिलेक्टिनला धरणारी खूण आहे, आणि त्वचेतल्या सूक्ष्म शिरांच्या अस्तरावर ई-सिलेक्टिन इतर अवयवांच्या मानाने सहज उमटते. चेहऱ्याला लागलेल्या गवताची प्रतिक्रिया पोटात न उमटता त्वचेतच का उमटते, याचे बरेचसे उत्तर या पत्त्यात आहे. सीसीआर-४ आणि सीसीआर-१० हे रासायनिक हाकेला प्रतिसाद देणारे ग्राहक त्यात भर घालतात.

या पायरीत रुग्णाला काहीच जाणवत नाही. बिब्ब्यासारख्या तीव्र पदार्थाला दोन आठवडे पुरतात. गाजर गवताच्या बाबतीत अनेकदा वर्षे जातात. त्यामुळेच आयुष्यभर तेच गवत उपटत आलेला शेतकरी पन्नाशीत एकाएकी आजारी पडतो आणि इतकी वर्षे काही झाले नाही म्हणून गवतावर संशय घ्यायला तयार नसतो.

दुसऱ्या पायरीत पुन्हा संपर्क येतो आणि घड्याळ सुरू होते. अस्तराच्या पेशींत पी-सिलेक्टिन आधीच तयार होऊन पुरचुंड्यांत साठवलेले असते; काही मिनिटांत ते पृष्ठभागावर येते. ई-सिलेक्टिन मात्र नव्याने तयार करावे लागते, त्यामुळे ते चार ते सहा तासांत भरास येते. व्हीकॅम-१ आणि वाढलेले आयकॅम-१ त्यामागून येतात आणि दिवसभर व पुढेही टिकतात. सिलेक्टिनांच्या पकडीमुळे पांढऱ्या पेशी अस्तरावरून घरंगळू लागतात. घरंगळताना त्यांना अस्तराला चिकटून असलेल्या केमोकाइन या निरोप्या रेणूंची हाक लागते, इंटेग्रिन ताठ होतात आणि पेशी जागच्या जागी थांबते. मग ती अस्तरावर सरपटत दोन पेशींमधली फट शोधते आणि पीकॅम-१ यासारख्या रेणूंच्या मदतीने पलीकडे उतरते. घरंगळणे, जागे होणे, रुतणे, पार होणे हा क्रम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युजीन बुचर आणि स्प्रिंगर यांनी स्पष्ट मांडला, आणि अजूनही शिकवला जातो तो हाच.

पेशी जमायला लागणारा हा वेळ दवाखान्यात प्रत्यक्ष दिसतो. पॅच टेस्टमध्ये गवताच्या अर्काचे आणि इतर संशयित पदार्थांचे इवलेसे थेंब ॲल्युमिनियमच्या चकत्यांमध्ये घालून रुग्णाच्या पाठीवर चिकटवले जातात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. ४८ तासांनी पट्ट्या काढून पहिले वाचन होते आणि ७२ किंवा ९६ तासांनी दुसरे. गवताची ॲलर्जी असेल तर त्या चकतीखाली लाल, किंचित उंचवटलेला, कधी बारीक फोडांचा गोल दिसतो. दुसरे वाचन टाळले तर काही खऱ्या ॲलर्जी हातातून निसटतात. अंगावर पित्त उठते तेव्हाची प्रतिक्रिया याच्या उलट पंधरा-वीस मिनिटांत उमटते, कारण तिथे मास्ट पेशींतले हिस्टामिन आधीच तयार असते. पण काहींना सहा-आठ तासांनी तीच जागा पुन्हा सुजते. तोवर अस्तरावर ई-सिलेक्टिन आणि व्हीकॅम-१ आलेले असतात आणि रक्तातल्या पेशी तिथे उतरू लागलेल्या असतात.

निकेलची गोष्ट इथे वेगळी आहे. निकेल आणि कोबाल्टचे क्षार प्रयोगशाळेत रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींवर थेट घातले, तरी त्यांच्यावर आयकॅम-१, व्हीकॅम-१ आणि ई-सिलेक्टिन उमटते. त्यासाठी टी-पेशींची गरज पडत नाही. २०१० मध्ये याचे कारण कळले: माणसाच्या टीएलआर-४ या ग्राहकातील ठरावीक हिस्टिडिनांना निकेल धरते, आणि जिवाणूंच्या विषामुळे वाजणारी धोक्याची घंटा धातूनेच वाजते. उंदरांच्या टीएलआर-४ मध्ये त्या जागी हिस्टिडिन नसल्यामुळे उंदरांना निकेलची ॲलर्जी सहजी होत नाही. एक सामान्य धातू इतक्या लोकांना का बाधतो, याचे समाधानकारक स्पष्टीकरण त्यातून मिळते.

अस्तर ओलांडून आलेल्या टी-पेशींना बाह्यत्वचेत थारा मिळतो तो केराटिनोसाइटवरच्या आयकॅम-१ मुळे. निरोगी बाह्यत्वचेत हा रेणू जवळजवळ नसतो. टी-पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमामुळे तो उमटतो, आणि मग त्याच टी-पेशी एलएफए-१ ने त्याला धरतात. हे दुष्टचक्र आहे आणि इसबाच्या चिवटपणाचे एक कारण त्यात आहे. टी-पेशी केराटिनोसाइटना आत्मनाशाचा इशारा देतात. त्या गडबडीत केराटिनोसाइटमधले ई-कॅडहेरिन विकरांनी कापले जाते. डेस्मोसोम या पेशींमधल्या पक्क्या सांध्यांतली कॅडहेरिने मात्र तुलनेने टिकतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी एकमेकींपासून दुरावलेल्या, मध्ये पाणी भरलेले, पण काही ठिकाणी ताणलेल्या धाग्यांनी अजून जोडलेल्या अशा दिसतात. त्वचा स्पंजासारखी दिसते म्हणून विकृतिशास्त्रज्ञ याला स्पाँजिओसिस म्हणतात. हे पाणी वाढत गेले की डोळ्यांना दिसणारे बारीक फोड येतात, फुटतात, लस गळते आणि खपली धरते. रुग्ण ज्याला ओला इसब म्हणतो, तो असा ई-कॅडहेरिनच्या तुटीतून आलेला असतो.

बालपणी सुरू होणाऱ्या ॲटॉपिक इसबात मार्ग तोच, पण चालना वेगळी. तिथे इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचे राज्य असते. अस्तरावर ते विशेषकरून व्हीकॅम-१ वाढवतात. त्याला धरणारे व्हीएलए-४ इओसिनोफिल पेशींवर भरपूर असते, न्यूट्रोफिलवर अगदी कमी. ॲलर्जीच्या त्वचेत इओसिनोफिल जमतात आणि पू होत नाही, यामागे ही निवड आहे. अशा रुग्णांच्या रक्तात अस्तरावरून सुटलेले ई-सिलेक्टिनही वाढलेले सापडते आणि आजार उतरला की कमी होते. रोज वापरायची तपासणी म्हणून त्याला फारशी किंमत आली नाही, कारण टार्क या केमोकाइनची पातळी आजाराच्या तीव्रतेशी अधिक जुळते.

आजार पुन:पुन्हा त्याच जागी का येतो, हाही आसंजनाचाच प्रश्न आहे. इसब बरा झाल्यावर काही टी-पेशी त्वचेत मुक्काम करतात. त्यांच्यावरचे सीडी-१०३ हे इंटेग्रिन केराटिनोसाइटवरच्या ई-कॅडहेरिनला धरते आणि पेशी बाह्यत्वचेतच राहते. गाजर गवताचे रुग्ण दरवर्षी पावसाळ्यात आणि त्यानंतर पापण्या, मानेच्या बाजू, कोपराच्या व गुडघ्याच्या आतल्या घड्यांत पुन्हा लालसर होतात. गवताचे कण हवेतून येऊन या घड्यांत साचतात हे एक कारण. तिथे आधीपासून मुक्कामाला असलेल्या पेशी हे दुसरे. काहींना पुढे ऊनही सोसत नाही आणि उघड्या भागावरची त्वचा जाड, काळपट होते.

आसंजक रेणू नसतील तर काय होते, याचे उत्तर काही दुर्मीळ आजारांनी दिले. बीटा-२ इंटेग्रिनची जनुके बिघडलेल्या मुलांत पांढऱ्या पेशी रक्तात भरपूर असतात, पण बाहेर पडू शकत नाहीत. बाळाची नाळ उशिरा पडते, जखमा चिघळतात, आणि संसर्ग असूनही पू धरत नाही. या आजाराचे निदान आणि अभ्यास मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होतो. दुसऱ्या प्रकारात फ्युकोज ही साखर पेशीत योग्य जागी पोचत नाही, म्हणून सिलेक्टिनांना धरायला खूणच नसते. इस्रायलमधील अशा दोन मुलांचे वर्णन १९९२ मध्ये झाले, तेव्हा त्यांचा रक्तगट बाँबे निघाला: डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेला तोच गट. हे ऐकून बाँबे गटाच्या लोकांनी घाबरण्याचे कारण नाही. त्यांच्यात फ्युकोज जोडणारी ठरावीक विकरेच तेवढी नसतात. सिलेक्टिनांसाठीची खूण वेगळी विकरे तयार करतात आणि ती शाबूत असतात.

एवढे कळल्यावर पकडच रोखावी, असा विचार औषध कंपन्यांनी केला नसता तरच नवल. एलएफए-१ ला बांधणारे इफॅलिझुमॅब २००३ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी मंजूर झाले. इसबावरही ते छोट्या प्रमाणात वापरून पाहिले गेले. पण टी-पेशींची रक्तातून मेंदूपर्यंतची पाहणी बंद पडल्यामुळे काही रुग्णांत जेसी विषाणूने मेंदूचा घातक आजार झाला आणि २००९ मध्ये औषध मागे घ्यावे लागले. व्हीएलए-४ रोखणारे नॅटॅलिझुमॅबही अशाच कारणाने २००५ मध्ये बाजारातून काढले गेले आणि २००६ मध्ये कडक अटींवर परत आले, तेही मुख्यत: मल्टिपल स्क्लेरोसिससाठी. ई-सिलेक्टिनविरुद्धच्या प्रतिपिंडाने सोरायसिसवर ठळक परिणामच दिला नाही. कारण उघड आहे: एका रेणूची जागा घ्यायला दुसरा तयार असतो. आतड्यासाठी अल्फा-४-बीटा-७ रोखणारे वेडोलिझुमॅब यशस्वी ठरले, पण तिथे पत्ता एका जोडीवर टिकून आहे. त्वचेला तशी सोपी कडी लाभलेली नाही. डोळ्यांत घालायचे लिफिटेग्रास्ट मात्र २०१६ पासून वापरात आहे. एलएफए-१ रोखणारा हा थेंब शरीरभर पसरत नाही, म्हणून धोका कमी. त्वचेवर लावायचे असे औषध अजून दवाखान्यापर्यंत आलेले नाही, आणि आता त्याची तितकी गरजही राहिलेली नाही.

गरज राहिली नाही, कारण आसंजक रेणूंना बोलावणारे इशारे रोखणे अधिक सोपे ठरले. इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचा ग्राहक अडवणारे ड्युपिलुमॅब २०१७ मध्ये आले. जॅक-रोधक गोळ्या इंटरफेरॉन-गॅमाचा निरोपही तोडतात, त्यामुळे आयकॅम-१ उमटण्याचे चक्र मंदावते. जुन्या स्टेरॉइड मलमांची ताकदही थोडीफार यातच आहे. आयकॅम-१ आणि ई-सिलेक्टिनची निर्मिती ती कमी करतात. गाजर गवताच्या चिवट रुग्णांत स्टेरॉइड वर्षानुवर्षे देता येत नाही. तिथे ॲझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेट वापरले जाते. ॲझाथायोप्रिन रोज किंवा आठवड्यातून एकदा मोठ्या मात्रेने देण्याच्या पद्धतीवर दिल्लीच्या एम्समध्ये काम झाले आहे. रक्ततपासणी चुकवून चालत नाही, आणि नव्या औषधांची किंमत बहुसंख्य शेतमजुरांच्या आवाक्याबाहेर आहे.

म्हणून पदार्थ दूर ठेवणे हाच उपचाराचा मोठा भाग उरतो. युरोपीय संघाने सिमेंटमधील विरघळणाऱ्या षट्संयुजी क्रोमियमवर २००५ पासून दहा लाखांत २ भागांची मर्यादा घातली. फेरस सल्फेट मिसळले की क्रोमेट निरुपद्रवी रूपात बदलते. डेन्मार्कने हे १९८० च्या दशकातच सुरू केले होते. गाजर गवतासाठी मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगेरा आणून १९८४ मध्ये बंगळूरला सोडला गेला. पावसाळ्यात तो पानांचा फडशा पाडतो, पण कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो आणि गवत पुन्हा डोके वर काढते. उपटायचे झाल्यास फुले येण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उपटावे आणि खड्ड्यात कुजवावे. वाळल्यावरही पार्थेनिन टिकून असते, त्यामुळे वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्याने उडाला तरी ॲलर्जी असलेल्याच्या पापण्या सुजतात.